कापूर, ओव्याचे फूल आणि अवरक्त किरण



शिरूर किंवा दौंडच्या बाजारपेठेतील काष्ठौषधींच्या दुकानात जा आणि तीन पुड्या मागा. एक कापराची, दुसरी पुदिन्याच्या फुलाची आणि तिसरी ओव्याच्या फुलाची. ही ‘फुले’ झाडावर उमलत नाहीत. पुदिन्याचे आणि ओव्याचे सुगंधी तेल थंड केले म्हणजे त्यातून जे स्फटिक वेगळे होतात त्यांना आपल्याकडे फूल म्हणण्याची पद्धत आहे. रसायनशास्त्रात पहिल्याला मेंथॉल आणि दुसऱ्याला थायमॉल म्हणतात. हे तीन पदार्थ एका बाटलीत एकत्र ठेवले, की काही वेळात सगळ्यांचे पाणी होते आणि आजीची ‘अमृतधारा’ तयार होते.

आता या तिघांची घडण पाहा. कापराच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. मेंथॉलमध्ये कार्बन १०, हायड्रोजन २०, ऑक्सिजन १. थायमॉलमध्ये कार्बन १०, हायड्रोजन १४ आणि ऑक्सिजन पुन्हा १. तिन्ही पांढरे, तिन्ही उडून जाणारे, तिन्हींची मूळ ओळख वनस्पतींमधली. नाकाने त्यांतला फरक लगेच कळतो, हे खरे. पण नाकाला पुरावा मागता येत नाही, आणि सर्दी झालेल्या साक्षीदाराचे काय करायचे हाही प्रश्न आहेच. मग एखाद्या पुडीत नेमके काय आहे हे सिद्ध कसे करायचे?

फरक आहे तो त्या एकुलत्या एक ऑक्सिजनच्या बैठकीत. कापरात ऑक्सिजन एका कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला असतो. मेंथॉलमध्ये त्याच्या एका बाजूला कार्बन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन असतो. थायमॉलमध्येही तसेच, फक्त तिथला कार्बन बेंझिनच्या षट्कोनी कड्याचा भाग असतो. हे बंध डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. अवरक्त किरणांना मात्र त्यांचा पत्ता लागतो.

तो कसा लागतो हे समजायला महाविद्यालयात येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शाळेतील एक स्प्रिंग घ्या, तिला १०० ग्रॅमचे वजन टांगा आणि २० आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजा. मग २०० ग्रॅम टांगून तेच करा. वेळ दुप्पट होणार नाही, सुमारे १.४ पट होईल, कारण आंदोलनकाल वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. (स्प्रिंगचे स्वतःचे वजन मध्ये थोडी लुडबूड करते, ते तूर्त सोडून द्या.) आता तशाच दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी बांधून त्यांना मिळून एकच वजन टांगा. ओढ दुप्पट कडक झाली आणि आंदोलने जलद झाली. संपूर्ण विषयाचे गणित या दोन निरीक्षणांत आहे: वजन हलके तर कंपन जलद, स्प्रिंग कडक तर कंपन जलद.

रेणूतील दोन अणूंमधला बंध हीदेखील एक स्प्रिंगच समजा. हायड्रोजन हा सर्वांत हलका अणू. म्हणून ऑक्सिजन-हायड्रोजन आणि कार्बन-हायड्रोजन या जोड्या सर्वांत जलद कंप पावतात. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला दुहेरी बंध एकेरी बंधाच्या जवळजवळ दुप्पट कडक. त्यामुळे तो एकेरी बंधापेक्षा जलद. हा दुहेरी बंध सेकंदाला सुमारे ५१ लाख कोटी वेळा कंप पावतो. आकडा ऐकून गांगरून जाऊ नका. तेवढ्याच कंप्रतेची विद्युतचुंबकीय लहर त्या रेणूवर पडली, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेल्या झोक्याप्रमाणे रेणू ती ऊर्जा उचलतो, एवढेच ध्यानात ठेवा. ती लहर अवरक्त विभागातील असते. पदार्थातून पलीकडे गेलेल्या किरणांची नोंद घेतली, की ज्या ज्या कंप्रता रेणूने गिळल्या तिथे तिथे आलेखात खळगे दिसतात. हाच अवरक्त वर्णपट.

‘अवरक्त’ म्हणजे तांबड्याच्या खालचा. विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, तापमापक ठेवला. पारा वर चढला. तुमच्या घरातल्या दूरचित्रवाणीच्या रिमोटमधूनही अवरक्त किरण निघतात; त्याचे टोक भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच कॅमेऱ्यांत ठिपका लुकलुकताना दिसेल. मात्र रिमोटचे किरण दृश्य प्रकाशाच्या अगदी शेजारचे आहेत. रेणू ओळखण्यासाठी लागणारे किरण बरेच पुढचे, २.५ ते २५ मायक्रोमीटर तरंगलांबीचे. शास्त्रज्ञ हेच उलटे मोजतात. एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी मावतात ते सांगतात आणि त्याला तरंगांक म्हणतात. त्या हिशेबाने हा पल्ला ४,००० ते ४०० असा होतो.

या किरणांपुढे काचेचा निभाव लागत नाही, काच त्यांना अडवते. म्हणून अशा उपकरणांत नमुना ठेवण्यासाठी ज्या खिडक्या वापरत आल्या आहेत त्या काचेच्या नसून मिठाच्या, होय, आपल्या स्वयंपाकघरातल्याच सोडियम क्लोराइडच्या, मोठ्या घडीव स्फटिकांच्या असतात. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते तसे याही खिडक्यांना सुटते. त्यामुळे उपकरणाची खोली कोरडी ठेवण्यासाठी जी धावपळ चालते ती पाहण्यासारखी असते.

कापराचा वर्णपट घेतला तर तरंगांक १,७४० च्या आसपास एक खोल, टोकदार खळगा दिसतो. ही त्या दुहेरी बंधाची सही. मेंथॉलमध्ये तिथे काही नसते. त्याऐवजी ३,३०० च्या आसपास एक रुंद, पसरट खळगा येतो. तो ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा. थायमॉलमध्ये हा पसरट खळगा असतोच, शिवाय १,६०० च्या आसपास षट्कोनी कड्याच्या कंपनांचे पट्टेही असतात. तीन पुड्या, तीन आलेख, आणि शंकेला जागा नाही. त्याहून खालच्या, म्हणजे १,५०० च्या खालच्या भागात सबंध रेणूच्या मिळून होणाऱ्या कंपनांची इतकी दाटी असते, की तो भाग प्रत्येक पदार्थाचा निराळाच निघतो. त्याला बोटांच्या ठशाचा विभाग म्हणतात.

इथपर्यंत सगळे छान आहे. पुष्कळ पुस्तके इथेच थांबतात आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आमच्याकडे पदवीच्या वर्गात येणारे विद्यार्थी हे तक्ते घडाघडा म्हणतात. १,७०० म्हटले की कार्बोनिल, ३,४०० म्हटले की हायड्रॉक्सिल. पाढे पाठ असावेत तसे. पण ‘हा नमुना शुद्ध होता हे कशावरून?’ असे विचारले तर वर्ग गप्प. दुसरीकडे, शाळांच्या विज्ञानप्रदर्शनांत आणि औषधांच्या जाहिरातींत ‘आधुनिक यंत्राद्वारे तपासलेले’ हे शब्द दिसले, की पुढे कोणी काही विचारत नाही. माझे म्हणणे असे, की वनस्पतीतील अगदी थोडे असणारे द्रव्य ओळखण्याच्या कामात यंत्राचा वाटा अर्धाच असतो. उरलेला, आणि बहुतेक वेळा अधिक अवघड, वाटा ते द्रव्य बाकीच्या पसाऱ्यातून सोडवून घेण्याचा असतो. आणि हा अवघड वाटा शिरूर-दौंडच्या शाळेतही शिकवता येतो.

अमृतधारेचेच उदाहरण पुढे नेऊ. तिचा वर्णपट घेतला तर तिन्ही पदार्थांचे खळगे एकमेकांवर रचलेले दिसतील. प्रत्येकाचा वाटा मोठा असल्यामुळे जाणता माणूस ते सोडवू शकेल. पण समजा, तीत चौथा एखादा पदार्थ हजारात एक भाग मिसळला आहे. त्याचे चिमुकले खळगे या तिघांच्या खोल खळग्यांत बुडून जातील. जत्रेच्या गर्दीत लहान मुलाची हाक ऐकू येत नाही, तशी गत. साध्या अवरक्त वर्णपटात मिश्रणातील शेकडा एका भागाहून कमी असलेले द्रव्य ओळखणे साधारणपणे कठीण असते.

वनस्पतीतली महत्त्वाची द्रव्ये तर बहुधा त्याहूनही कमी असतात. मग ‘अवरक्त वर्णपटाने अत्यल्प द्रव्य ओळखता येते’ असे म्हणतात ते खोटे का? खोटे नाही. ते द्रव्य एकटे हाती आले, तर फारच थोडे पुरते. नेहमीच्या पद्धतीत सुमारे एक मिलिग्रॅम पदार्थ पोटॅशियम ब्रोमाइडच्या १००-२०० मिलिग्रॅम भुकटीत खलून त्याची दाबाखाली पारदर्शक चकती बनवतात. मोहरीचा एक दाणासुद्धा याहून जड असतो! चकती बारीक केली आणि किरणशलाका तिच्यावर एकवटली, की मिलिग्रॅमचा हजारावा भाग, म्हणजे काही मायक्रोग्रॅमही भागतात. सूक्ष्मदर्शक जोडलेल्या आजच्या उपकरणांत तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या ठिपक्याचा वर्णपट घेता येतो. ‘एकटे हाती आले तर’ या तीन-चार शब्दांत वर्षानुवर्षांचे कष्ट दडलेले असतात.

आपल्या ओढ्याकाठी उभा असलेला करंज घ्या. त्याच्या बियांचे कडू तेल पूर्वी दिव्यात जाळीत, खरजेवर लावीत. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये डी. बी. लिमये यांनी १९२० नंतरच्या दशकात या तेलातून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. त्याचे नाव करंजिन. पुण्याहून ‘रसायनम्’ नावाचे संशोधनपत्र काढणारे ते हेच लिमये. त्या वेळी त्यांच्याजवळ अवरक्त वर्णपटमापक नव्हता. शुद्धतेची कसोटी म्हणजे द्रवणांक. स्फटिक पुन्हा पुन्हा विरघळवायचे, पुन्हा जमवायचे आणि द्रवणांक बदलायचा थांबला की शुद्ध झाले असे मानायचे. मग तीव्र अल्कलीने रेणूचे तुकडे करायचे, तुकडे ओळखायचे, आणि मूळ इमारत कशी असेल याचा तर्क करायचा. घर पाडून विटांवरून नकाशा काढण्यासारखेच हे. अशा कामाला पदार्थ ग्रॅमच्या मापाने लागतो. करंजिनची रचना १९३० नंतरच्या दशकात निश्चित झाली.

आज तेच काम एका चिमटीत आणि काही दिवसांत होईल. घर न पाडता. हा फरक अवरक्त वर्णपटाने आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या चुंबकीय अनुनाद, वस्तुमान वर्णपट अशा साधनांनी पाडला. पण करंजाच्या तेलातून करंजिन बाहेर काढण्याचे काम मात्र लिमयांना करावे लागले तसे आजही करावेच लागते. ते यंत्र करून देत नाही.

शिरूरहून नगर रस्त्याने किंवा दौंडहून रेल्वेने पुण्यास जाऊन पाषाणला पोहोचलात, तर तिथे १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. सुगंधी तेले आणि राळा यांच्या घटकांवर तिथे मोठे काम झाले. वाळ्याच्या तेलावर तिथल्या संशोधकांनी काम केले आहे. डॉ. सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या गुग्गुळातील स्टेरॉइड वर्गाची द्रव्ये वेगळी करून १९७२ साली त्यांच्या रचना प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या दोन द्रव्यांचे, म्हणजे ई आणि झेड गुग्गुलस्टेरोनचे, अणू तेच आणि तेवढेच. फक्त एका दुहेरी बंधाभोवती त्यांची मांडणी उलटसुलट. डिंकासारख्या चिकट राळेतून असे दोन जुळे भाऊ निराळे करायचे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने कधी गुग्गुळ हाताला लावला आहे त्याला येईल.

आता कांद्याकडे वळू. दोन्ही तालुक्यांत कांदाचाळी आहेत, त्यामुळे डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या द्रव्याची ओळख मी करून देण्याची गरज नाही. गंमत अशी, की अखंड कांद्यात ते द्रव्य नसतेच. सुरी फिरली, पेशी फुटल्या, की एक विकर आणि गंधकयुक्त घटक एकत्र येतात आणि क्षणार्धात हे द्रव्य बनून उडू लागते. ते थोडे, चंचल आणि लवकर बिघडणारे असते. फिनलंडचे नोबेल पारितोषिक विजेते रसायनशास्त्रज्ञ विर्तानेन यांच्या प्रयोगशाळेने १९६० नंतरच्या दशकात त्याचा अभ्यास केला. रेणूत कार्बन ३, हायड्रोजन ६, ऑक्सिजन १ आणि गंधक १; रेणूभार ९०. ऑक्सिजनला हायड्रोजन चिकटलेला आहे, म्हणजे हे एक सल्फेनिक अम्ल आहे, असे त्यांनी मांडले.

पण हेच अणू दुसऱ्या तऱ्हेनेही जोडता येतात. ऑक्सिजन थेट गंधकाला जोडायचा आणि त्याच्यावर हायड्रोजन ठेवायचाच नाही. वजन दोन्हींचे सारखेच, ९०. तराजू कितीही नाजूक असला तरी तो या दोघांत निवड कशी करणार? १९७१ साली अमेरिकेत ब्रॉडनिट्झ आणि पास्काले यांनी वायू वर्णलेखनाने हे द्रव्य वेगळे केले आणि मग त्याचे अवरक्त, चुंबकीय अनुनाद आणि वस्तुमान असे निरनिराळे वर्णपट घेतले. ऑक्सिजनवर हायड्रोजन असता तर त्या बंधाची खूण अवरक्त वर्णपटात दिसायला हवी. पुरावा दुसऱ्या मांडणीच्या बाजूने, म्हणजे थायोप्रोपॅनल एस-ऑक्साइडच्या बाजूने पडला. त्यांनी ते द्रव्य प्रयोगशाळेत बनवूनही पडताळा घेतला. पुढे २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की ते बनवण्यासाठी कांद्यात एक स्वतंत्र विकरही असते.

या हकिकतीत वर्णलेखन आधी आले आणि वर्णपट नंतर, हे पाहिलेत ना? वायू वर्णलेखनात मिश्रणाची वाफ एका लांब नळीतून पाठवतात. नळीतील पदार्थ प्रत्येक घटकाला कमीअधिक अडवून धरतो, त्यामुळे घटक एकापाठोपाठ एक बाहेर पडतात. ज्याची वेळ येईल तो थंड काचनळीत पकडायचा, आणि मग त्याचा वर्णपट. नंतरच्या काळात ही दोन्ही उपकरणे एकमेकांना जोडलीही गेली.

हे सारे शेतकऱ्याच्या खिशापर्यंत कसे येते ते सांगतो. कडुनिंबात अॅझाडिरॅक्टिन नावाचे कीटकांना नकोसे करणारे द्रव्य आहे. इंग्लंडमध्ये १९६८ साली ते प्रथम वेगळे करण्यात आले. निंबोळी तेलावर आधारलेली कीटकनाशके आपल्याकडे विकली जातात, त्यांच्या बाटलीवर ३०० पीपीएम, १,५०० पीपीएम असे आकडे असतात. ३०० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत ३०० भाग, एका किलोत ०.३ ग्रॅम. बाटलीतला बाकीचा माल मुख्यतः तेल आणि मिसळद्रव्ये. आता कोणी तुम्हाला सांगितले, की ‘आम्ही या बाटलीचा अवरक्त वर्णपट घेतला आणि अॅझाडिरॅक्टिन असल्याची खात्री केली,’ तर काय म्हणाल? तेलाच्या रेणूतही कार्बन-ऑक्सिजनचे दुहेरी बंध असतात आणि त्यांचा खळगा १,७४५ च्या आसपास येतो. अॅझाडिरॅक्टिनमधील तसल्या बंधांचे खळगेही त्याच परिसरात. दहा लाखांतले ३०० त्या विहिरीत कुठे दिसणार? तेल आहे हे वर्णपट छातीठोकपणे सांगेल. ते द्रव्य आहे की नाही, आणि किती, यावर तो गप्पच राहील. त्यासाठी द्रव वर्णलेखन करून, शुद्ध अॅझाडिरॅक्टिनच्या नमुन्याशी तुलना करूनच आकडा काढावा लागतो. घरच्या पैशाने बाटली आणणाऱ्या बापाला हा प्रश्न त्याच्या नववीतल्या मुलीने समजावून द्यावा, इतका तो सोपा आहे.

गुळाचेही तसेच. दौंडकडची गुऱ्हाळे सर्वांना ठाऊक आहेत, आणि गुळात बाजारची साखर मिसळल्याच्या तक्रारीही अधूनमधून वाचायला मिळतात. ‘यंत्राने साखर ओळखा’ असे म्हणून भागत नाही, कारण उसाच्या रसातून आलेली साखर आणि पोत्यातून आलेली साखर यांचा रेणू एकच. वर्णपटाने ‘साखर’ असे उत्तर दिले तर ते खरेच आहे. आपला प्रश्नच चुकला. गुळातील साखरेखेरीजचे जे थोडे घटक आहेत, क्षार, रंगद्रव्ये वगैरे, त्यांचे प्रमाण मोजून काही अंदाज बांधता येईल.

यावर काही शिक्षकबंधू म्हणतात, ‘तालुक्याच्या ठिकाणी एक अवरक्त वर्णपटमापक द्या, म्हणजे मुले शिकतील.’ या मागणीला माझा विरोध नाही. आजची उपकरणे टेबलावर मावतात आणि सेकंदा-दोन सेकंदांत वर्णपट काढून देतात. पण त्यांना कित्येक लाख रुपये पडतात, कोरडी खोली लागते, देखभाल लागते. आणि ज्या शाळेत मिश्रण वेगळे करण्याची सवय नाही तिथे त्या उपकरणातून मिश्रणांचे सुंदर, निरुपयोगी आलेख बाहेर पडतील. ते येईपर्यंत हात बांधून बसायचे, हे मात्र मला मुळीच पटत नाही.

मेथीची किंवा पालकाची पाने थोड्या स्पिरिटमध्ये खला, गाळा आणि त्या हिरव्या अर्कात पांढरा खडू उभा करा. (जवळ ज्योत नको, आणि शिक्षक शेजारी हवेत.) अर्क वर चढता चढता पिवळा आणि हिरवा पट्टा निराळा होऊ लागेल. हेच वर्णलेखन, पाषाणच्या प्रयोगशाळेतील स्तंभांमागचे तत्त्वही याहून वेगळे नाही. मूठभर ओवा कुटून पाण्यात घाला, उकळा आणि वाफ थंड करा. जमलेल्या पाण्यावर तेलाचे थेंब तरंगतील. किती ओव्याला किती तेल, हे वहीत लिहा. मिळालेल्या स्फटिकाचा द्रवणांक काढा. थायमॉल ५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. तेच स्फटिक पुन्हा शुद्ध करून द्रवणांक पुन्हा काढा. लिमयांनी करंजिनसाठी केले ते याच जातीचे काम होते. थायमॉल आणि मेंथॉल डोळ्यांना आणि कातडीला झोंबतात, कापूर पोटात गेला तर विषारी ठरतो. तेव्हा हाताळणी चिमट्याने आणि बेताने.

शिक्षकांना आणखी एक सुचवतो. स्प्रिंगचा प्रयोग भौतिकशास्त्राच्या तासाला, खडूचा रसायनशास्त्राच्या आणि करंजाचे झाड जीवशास्त्राच्या, अशी वाटणी आपण केलेली आहे. तिन्ही एकाच आठवड्यात आले तर मुलांना ती एकाच गोष्टीची पाने वाटतील. वेळापत्रक आडवे येते हे मला माहीत आहे. एका आठवड्यापुरते ते आडवे येऊ देऊ नका.

शेवटी पुन्हा कापराची पुडी काढू, कारण तिच्यात एक अडचण शिल्लक आहे. दुकानदार म्हणतो, ‘हा अस्सल झाडाचा कापूर.’ बाजारातला बराचसा कापूर टर्पेंटाइनमधील पाइनिनपासून कारखान्यात बनवलेला असतो. झाडातल्या कापराचे रेणू सगळे एकाच हाताचे असतात. कारखान्यातल्या कापरात बहुधा डाव्या आणि उजव्या हाताचे रेणू निम्मे निम्मे असतात. आरशातल्या प्रतिबिंबाच्या स्प्रिंगा मूळ वस्तूच्या स्प्रिंगांइतक्याच कडक आणि वजने तेवढीच. त्यामुळे दोन्ही कापूर द्रावकात विरघळवून घेतलेले अवरक्त वर्णपट तंतोतंत जुळतात. साधा अवरक्त वर्णपटमापक इथे हात टेकतो.

हा भेद सांगणारे साधन त्याहून जुने आणि साधे आहे: ध्रुवित प्रकाशाची पातळी किती फिरली ते मोजणारा पोलरिमीटर. एकाच हाताच्या रेणूंचे द्रावण ती पातळी फिरवते. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचे फिरवत नाही. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना हे उपकरण लांब शोधायला नको. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची ‘पोल’ याच तत्त्वावर मोजतात. पुढच्या गाळप हंगामात कारखान्याच्या मुख्य रसायनशास्त्रज्ञांना शाळेचे पत्र पाठवा, ठरलेल्या वजनाचा कापूर ठरलेल्या घनफळाच्या स्पिरिटमध्ये विरघळवून बरोबर न्या, आणि त्यांची मोकळी वेळ विचारून घ्या. नुसत्या स्पिरिटचे वाचन आधी घ्यायला विसरू नका.